तालमीचं दार दुपारीही उघडं राहू दे

प्रति,
कोल्हापुरातल्या सगळ्या तालीम मंडळांचे आणि तरुण मंडळांचे अध्यक्ष, खजिनदार, वस्ताद आणि कार्यकर्ते यांस,

स.न.वि.वि.

मागणी आधी सांगते, म्हणजे पत्र अर्धवट वाचून बाजूला ठेवलं तरी मुद्दा पोचेल. सोमवार ते शनिवार, दुपारी साडेबारा ते संध्याकाळी साडेसहा, तुमच्या तालमीचा हॉल गल्लीतल्या लहान पोरांसाठी द्या. पोरं सांभाळायला आम्ही आहोत. मी आहे, माझ्या वयाच्या पेठेतल्या चार-पाच मुली आहेत, दोन मुलगेही तयार आहेत. जागा तुमची, पोरं तुमच्याच गल्लीतली, राबणार आम्ही.

मी शिवाजी पेठेत राहते. वय बावीस. सकाळी विद्यापीठात एम.ए.चे तास करते आणि दुपारी आमच्या घराच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, गल्लीतली पोरं सांभाळते. सुरुवात ठरवून झाली नाही. शेजारच्या वैनी दवाखान्यात नर्स आहेत. त्यांच्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि नातवाला बघणारं घरात कुणी राहिलं नाही. "चार दिवस बघशील का गं?" म्हणून त्यांनी विचारलं. चार दिवसांचे महिने झाले. मग त्यांच्या ओळखीच्या एक आल्या. त्या ताराबाई पार्कात तीन घरचा स्वयंपाक करतात. मग गांधीनगरला कापड दुकानात उभ्या राहणाऱ्या एक, शिरोली एमआयडीसीत पॅकिंगला जाणाऱ्या एक, कपिलतीर्थ मंडईत भाजी घेऊन बसणाऱ्या एक काकी. आता सोप्यात पाय ठेवायला जागा नाही आणि आठवड्याला कुणाला तरी नाही म्हणावं लागतं. नाही म्हटल्यावर ती बाई पोराचा हात धरून ज्या पद्धतीनं परत वळते, ते मला बघवत नाही. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

तुम्हाला वाटेल, पाळणाघरं आहेत की शहरात. आहेत. काही चांगलीही आहेत. पण नागाळा पार्कातल्या पाळणाघराची फी तीन घरचा स्वयंपाक करणारीला परवडत नाही. परवडली तरी दुपारी बाराला पेठेतनं पोराला तिथं नेऊन सोडायचं कुणी? ती त्या वेळी दुसऱ्याच्या ओट्याशी उभी असते.

अंगणवाडी, बालवाडी दुपारच्या आत सुटते. सकाळच्या शाळाही त्याच सुमाराला सुटतात. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असं शासनानं २०२४ च्या फेब्रुवारीत सांगितलं. पोरांची झोप पुरी व्हावी म्हणून सांगितलं आणि ते मला पटतं. पण आठला कंपनीची गाडी पकडणाऱ्या आईची सकाळही त्यामुळे अवघड झाली आणि दुपार तर आधीपासून अवघड होतीच. शाळा सुटणं आणि आई घरी येणं यांच्यात पाच-सहा तास पडतात. त्या तासांत तीन, चार, सहा वर्षांचं पोर कुठं असतं, हे एखाद्या दिवशी गल्लीतनं चालत जाऊन बघा.

काही आजीजवळ असतात. आजी सत्तरीची, गुडघे धरलेले, पोर रस्त्यावर पळालं तर तिला मागं पळता येत नाही. काही मोबाईलजवळ असतात. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात तासाभराहून जास्त पडदा दाखवू नये, कमी दाखवला तर उत्तमच, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगून ठेवलंय. आमच्याकडं आलेली एक पोरगी पहिल्या दिवशी तासभर नुसती हाताचा अंगठा वर सरकवत बसली होती, समोर मोबाईल नसताना. आणि काही पोरं बाहेरून कडी घातलेल्या घरात असतात. त्या आयांना नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. रस्त्यावर गाड्या आहेत, अनोळखी माणसं आहेत, म्हणून त्या काळजावर दगड ठेवून कडी घालतात. पण आत गॅस असतो, पाण्यानं भरलेली पिंपं असतात.

सगळ्यात जास्त पोरं असतात थोरल्या बहिणीजवळ. थोरली म्हणजे किती थोरली? दहा-अकरा वर्षांची. धाकट्याला ताप आला की शाळा थोरलीची बुडते. आईची जादा पाळी लागली की क्लास थोरलीचा बुडतो. तिच्या वहीत मधली मधली पानं कोरी असतात. ती कुठल्या दिवसांची, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी काही बोलत नाही.

हा प्रश्न महाराष्ट्रात जुना आहे आणि त्यावर काम केलेली माणसंही आपल्याकडं होऊन गेली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालवाडीचं काम सुरू केलं. गरिबांची पोरं त्यांच्याकडं येईनात, म्हणून त्या स्वतःच पोरांच्या अंगणात गेल्या. पुढं कोसबाडला त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. धाकटी भावंडं पाळणाघरात बसली, की त्यांना कडेवर घेऊन हिंडणाऱ्या मुलींना शेजारच्या वर्गात बसता येई. इतकी साधी व्यवस्था. कोल्हापूरच्या पेठांत ती आजही नाही.

शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्याच्या कितीतरी आधी, १९०१ साली, व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. मग जैन, लिंगायत, मुस्लिम बोर्डिंग आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी एकापाठोपाठ एक वसतिगृहं याच गावात उभी राहिली. खेड्यापाड्यातल्या परक्या आईबापांनी आपली लेकरं या शहराच्या भरवशावर इथं ठेवली. दसरा चौकातनं जाताना त्या इमारती आपण रोज बघतो. परगावची पोरं सांभाळण्यात ज्या गावानं नाव मिळवलं, त्या गावाला आपल्या गल्लीतली पोरं दुपारभर सांभाळणं जड जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

सरकारचं काय, कंपन्यांचं काय, हा प्रश्न तुम्ही विचाराल आणि तो रास्त आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यानं तीसपेक्षा जास्त बायका कामाला असतील तिथं सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली ठेवायला सांगितलं. २०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, तिनं पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं केलं आणि आईला दिवसातनं चार वेळा तिथं जाऊन यायची मुभा दिली. कायदा चांगला आहे. पण आमच्या पेठेतल्या बायका काम करतात कुठं? पाच माणसांच्या दुकानात. उद्यमनगरातल्या आठ-दहा माणसांच्या शेडमध्ये. लोकांच्या स्वयंपाकघरात. मंडईत स्वतःच्या पाटीमागं. तिथं हा कायदा पोचतच नाही. आणि शिरोलीच्या एखाद्या मोठ्या कंपनीत पाळणाघर असलं, तरी तीन वर्षांचं पोर घेऊन पहाटे उठून हायवे ओलांडून जायचं कसं? लहान पोराला आसरा हवा तो घरापासून हाकेच्या अंतरावर. तेवढ्या अंतरावर या शहरात एकच जागा आहे जी प्रत्येक पेठेत, जवळजवळ प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी सापडते. ती तुमची आहे.

तालमीचा दिवस मी लहानपणापासून बघत आले आहे. पहाटे पैलवान आणि व्यायामाची पोरं. संध्याकाळी परत तीच गर्दी. रात्री कार्यकर्त्यांची बैठक. दुपारी मात्र दाराला कुलूप, नाहीतर एखादे काका वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पहुडलेले. हॉल तळमजल्याला असतो. पंखे असतात, नळ असतो, संडास असतो. बऱ्याच ठिकाणी तुम्ही कॅमेरेसुद्धा बसवलेत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तालमीसमोरनं जाणाऱ्या प्रत्येक माणसाची नजर आत जाते. लहान पोरांच्या जागेला याच्यासारखं संरक्षण नाही.

तुम्ही लोकांसाठी उभे राहता, हे मला कुणी सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा गल्ल्यांत शिरली आणि २०२१ च्या जुलैत परत आली, तेव्हा कमरेएवढ्या पाण्यात उतरून म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना खांद्यावर घेऊन बाहेर आणणारी पोरं मंडळांचीच होती. भाताची भांडी चढवणारीही तीच. त्या दिवसांत कुणी "ही जबाबदारी कोणाची?" म्हणून विचारत बसलं नाही. रोजच्या दुपारी पाणी नसतं, म्हणून ही अडचण डोळ्यावर येत नाही एवढंच.

एका मंडळाकडं मी आधी जाऊन आले आहे. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या लोकांनी मला बसायला खुर्ची दिली, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. "गणपती होऊ दे, मग बघू" असं ठरलं. गणपती झाले, नवरात्र झालं, दिवाळी झाली. मग एका काकांनी खरी अडचण बोलून दाखवली, "बाळ, ही पैलवानांची जागा. इथं बायाबापड्यांची ये-जा बरी दिसत नाही. आणि उद्या एखाद्या पोराला काही झालं तर मंडळाचं नाव जाईल." त्यांनी मोकळेपणानं सांगितलं याबद्दल मी आभारी आहे. दोन्ही गोष्टींना उत्तर देते.

पहिली गोष्ट. कुस्तीच्या आखाड्यात आम्ही येणार नाही. लाल मातीचा मान आम्हाला कळतो. आम्हाला हवा आहे तो पुढचा हॉल, जिथं तुम्ही बैठका घेता आणि गणपती बसवता. आणि बायाबापड्यांचं म्हणाल, तर या जिल्ह्यातल्या मुली आता कुस्ती खेळतात, मातीत उतरतात, मॅटवर उतरतात. पोराला सोडायला आलेल्या आईनं तालमीच्या उंबऱ्याशी दोन मिनिटं उभं राहिल्यानं त्या जागेचं काही कमी होत नाही.

दुसरी गोष्ट जबाबदारीची. ती खरी आहे आणि तिच्याबद्दल सविस्तर लिहिल्याशिवाय मला चालणार नाही.

हॉलमध्ये कायम दोन मोठी माणसं असतील, एकटं कुणीही नसेल. दार उघडं राहील, फक्त पोरं पळू नयेत म्हणून कमरेएवढी लाकडी फळी किंवा जाळी आडवी लावू. कुणाही मोठ्या माणसानं पोराला घेऊन बंद खोलीत जायचं नाही, आम्हीसुद्धा नाही. संडासला नेताना दुसऱ्या ताईला सांगून जायचं. आम्ही सगळे पोलीस ठाण्यातनं चारित्र्य पडताळणी करून घेऊ आणि ते कागद मंडळाच्या कपाटात ठेवू. कुणीही येऊन ते मागावेत. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्ध २०१२ चा पोक्सो कायदा आहे. असा प्रकार कळूनही पोलिसांना न कळवणं हा त्या कायद्यात गुन्हा आहे. हे आमच्यातल्या प्रत्येकाला पाठ असेल. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत असेल, शेजारी ११२ आणि १०८.

एक वही असेल. पोर किती वाजता आलं, कुणी सोडलं, किती वाजता गेलं, कुणी नेलं, खाली सही. ज्यांची नावं आईनं लिहून दिलीत त्यांच्याच हातात पोर जाईल. सख्खा मामा आला आणि त्याचं नाव वहीत नसलं, तर आधी आईला फोन लागेल. त्याला राग आला तरी चालेल. गल्लीत सगळे एकमेकांना ओळखतात, मग एवढं कशाला, असं तुम्ही म्हणाल. ओळखतात म्हणूनच, कारण लहान पोरांना त्रास देणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीतलाच निघतो.

मग पाणी. आपल्याकडं नळाला वेळ असते, त्यामुळे प्रत्येक जागी पिंप आणि बादल्या भरून ठेवलेल्या. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडतं आणि बुडताना ओरडत नाही. पोरं हॉलमध्ये असताना न्हाणीतली एकही बादली भरलेली नसेल आणि पिंपावर जड झाकण असेल. माझ्या घरी मी हे पहिल्या आठवड्यापासून पाळते. आईला सुरुवातीला जाच वाटला, आता तीच मला आठवण करते.

खाण्यात पाच वर्षांखालच्या पोरांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षाचा अख्खा मणी द्यायचा नाही, घशात अडकतो. अडकलाच तर वाकवून खांद्यांच्या मध्ये पाच थापा मारायच्या, तरी निघाला नाही तर पोट कसं दाबायचं, हे आम्ही हातानं करून शिकलोय. भाजलं तर वीस मिनिटं वाहतं गार पाणी. टूथपेस्ट नाही, शाई नाही, हळद नाही. तापाचं औषध पोराच्या वजनावर ठरतं, म्हणून आईच्या चिठ्ठीशिवाय आमच्या हातनं कुणाला एक थेंबही जाणार नाही. ताप दिसला की कपाळावर ओली पट्टी आणि आईला फोन.

तीन वर्षांखालचं बाळ आम्ही घेणार नाही. हे लिहिताना जीवावर येतं, कारण सगळ्यात जास्त विनवण्या त्याच आया करतात. पण तान्ह्या बाळाला एक माणूस पूर्ण वेळ लागतं आणि ते आमच्याकडं नाही. तीन ते आठ वर्षं, आठ पोरांमागं एक मोठं माणूस, आणि हॉलचा आकार कितीही असला तरी सोळाच्या वर पोरं नाहीत. जास्त झाली तर शेजारच्या मंडळाचा हॉल मागू. जी काही परवानगी लागेल ती आधी घेऊ, मगच पहिलं पोर आत येईल.

आता पोरं दिवसभर करतात काय, तेही सांगते, कारण नुसती डांबून ठेवायची असती तर मोबाईल स्वस्तात पडला असता. आमच्या सोप्यातली कालची दुपार घ्या. साडेबाराला चपलांची रांग लागली. डबे उघडले. एकाच्या डब्यात भाकरीचा चुरा आणि दूध, एकीच्या डब्यात नुसता तूप-मीठ-भात, एकाच्या डब्यात सकाळच्या वड्याचा अर्धा भाग, कारण त्याची आई वड्याच्या गाड्यावर कामाला आहे. तो अर्धा वडा चौघांत गेला. दीडला अंथरुणं पडली. नर्स वैनींचा पोरगा आईच्या जुन्या ओढणीचं टोक मुठीत धरल्याशिवाय डोळे मिटत नाही, म्हणून ती ओढणी माझ्या कपाटात वेगळ्या पिशवीत असते. एक पाच वर्षांची पोरगी झोपायच्या आधी रोज मला तिचं वेळापत्रक ऐकवते. काल म्हणाली, "ताई, आज मम्मीला पगार हाय, ती उशिरा येणार. मी उठलो की मला केळं दे, मग मी रडत नाही." उठल्यावर तिनं स्वतः आठवण केली, केळं खाल्लं, आणि खरंच रडली नाही. चारनंतर माती, चिंचोके, काड्यापेट्यांची आगगाडी. घराघरातनं आणलेल्या बांगड्यांच्या काचा मात्र मी काढून घेते. लीलाताई पाटील यांनी १९८५ साली आपल्याच शहरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. पोरांनी आनंदानं, हातानं करून शिकावं, ही गोष्ट कोल्हापूरला नवी नाही. मला तेवढं मोठं काही करायचं नाही. पोर संध्याकाळी घरी गेल्यावर आईला सांगण्यासारखं त्याच्याजवळ काहीतरी असावं, एवढं बघते.

इथं तुमच्या पोरांची मला फार गरज आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, संध्यामठ, जुना बुधवार, तालमींच्या फुटबॉल संघांची ही नावं घेतली की सहा वर्षांच्या पोराचेही डोळे चमकतात. शाहू स्टेडियमवर सामना असला की आमची अर्धी पोरं वडिलांच्या खांद्यावर बसून तिकडं असतात. तुमच्या संघातला एखादा खेळाडू आठवड्यातनं एक दिवस चार ते पाच आला, पोरांना आणि पोरींना बॉल कसा थांबवायचा हे दाखवून गेला, तर त्यांना त्या आठवड्यात दुसरं काही लागणार नाही. एखाद्या वस्तादांनी कोलांटी आणि सूर्यनमस्कार शिकवावेत. पोरं सांभाळणं हे बायकांचंच काम, असं या पोरांना वाटू नये, अशी माझी इच्छा आहे. लेकराच्या नाकाचा शेंबूड पुसणारा पैलवान त्यांनी बघायला हवा.

पैशाचं स्पष्ट बोलते. तुमच्याकडं पैसे मागत नाही. हॉलचं भाडं घेऊ नका, एवढंच म्हणणं आहे. दुपारच्या विजेचा आणि फिनेलचा खर्च आम्ही भरू. आया महिन्याला जमेल तसं देतील. बँकेत असणारी पूर्ण फी देईल, मंडईतली काकी कमी देईल, आणि कोण किती देतं हे फक्त हिशेबाच्या वहीला ठाऊक असेल. त्यातनं सांभाळणाऱ्या मुलामुलींना मानधन मिळेल. ते मिळालंच पाहिजे. हे पुण्याचं काम आहे, समाजसेवा आहे, असं म्हणून आमच्याकडनं फुकट करून घेऊ नका. फुकटचं काम पहिली परीक्षा आली की सुटतं. ज्या मुलीला महिन्याच्या शेवटी चार पैसे मिळतात, ती पाऊस असला तरी वेळेवर येते, आणि ती वेळेवर आली तरच तिकडं एका आईची नोकरी टिकते. माझ्यासोबत येणाऱ्यांपैकी एकीला कॉलेजची फी यातूनच भरायची आहे. हे तिनं मला लिहायला सांगितलंय.

हे पत्र वाचणाऱ्या पालकांनाही दोन शब्द. आमच्याकडं पोर पाठवायच्या आधी येऊन बसा, तासभर बघा, न सांगता या. आमच्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. प्रश्न विचारा, वही बघा, पोराला रात्री निवांत विचारा आज काय झालं म्हणून. त्याच्या बोलण्यात काही खटकलं तर दुसऱ्या दिवशी मला तोंडावर विचारा. आणि एक विनंती, सहा म्हणजे सहा. सहानंतरचा अर्धा तास अडचणीसाठी ठेवलाय. संध्याकाळी साडेसहाला व्यायामाची पोरं दारात उभी असतील आणि आमच्यामुळं त्यांची तालीम बुडाली, तर हॉल दुसऱ्या महिन्याला बंद होईल.

गणपतीचे दिवस हॉल तुमचाच. मूर्ती यायच्या आधी आठ दिवस आम्ही रिकामा करून देऊ आणि विसर्जनानंतर साफ करून परत सुरू करू. शिवजयंतीला, मंडळाच्या कार्यक्रमांना, कुठल्याही दुःखाच्या प्रसंगी एक दिवस आधी सांगा, आम्ही पोरांना आमच्या सोप्यात घेऊ, दाटीवाटीनं का होईना. पूर आला तर हॉल आधी पूरग्रस्तांचा. तेव्हा त्यांची पोरं सांभाळायलाही आम्हीच येऊ.

एकदम सगळ्या मंडळांनी हो म्हणावं अशी माझी अपेक्षा नाही. एका मंडळानं एक शैक्षणिक सत्र द्यावं. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरतात तिथपासून उन्हाळी सुट्टी लागेपर्यंत. किल्ली तुमच्याच माणसाकडं राहू दे. तो उघडेल आणि तोच बंद करेल. महिन्यातनं एकदा मंडळाच्या बैठकीत येऊन मी वही आणि हिशेब ठेवीन. सत्र संपल्यावर पटलं नाही, तर "बंद करा" एवढं म्हटलं तरी पुरे, वाद घालणार नाही.

तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि मला बोलवा. माझ्याबरोबर चार-पाच आया येतील, त्यांचं म्हणणं त्यांच्याच तोंडून ऐका. फक्त बैठक रात्री साडेआठनंतर ठेवा. त्याआधी त्यांचा स्वयंपाक उरकत नाही. पोरं बरोबरच असतील, कारण त्या वेळी त्यांना ठेवायचं कुणाकडं, हा प्रश्न तिथंही आहेच. हॉलमध्ये एक सतरंजी जास्तीची टाकून ठेवा.

आपली,
शिवाजी पेठेतली, पोरांची ताई